कर्ता कोण ते सांगा

४ ऑगस्ट
भिंगरीची वही पाहिली. (भिंगरी म्हणजे माझी एकुलती नात. सहावीत आहे, एका जागी बसत नाही.) वहीत वाक्य: ‘अ बनाना वॉज ईटन बाय मी.’ केळं माझ्याकडून खाल्लं गेलं! असं कोण बोलतं, विचारलं. तर म्हणे, शाळेतल्या मॅडम. त्या मॅडमना इंग्रजी येत नाही हा माझा संशय होता, आता खात्री झाली.
महिनाअखेर यावरच परीक्षा. सून म्हणाली, कोपऱ्यावरच्या क्लासमध्ये विचारून ठेवलंय. घरात विहीर असून दारात टँकर! क्लासची वेळ दुपारची. शाळेतून आली की सहापर्यंत भिंगरी माझ्या खोलीत असते, ती तेवढीच माझ्या वाट्याला येते. सुनेला स्पष्ट सांगितलं, कॉन्व्हेंटमध्ये मी शिकले, क्लासवाला नाही. ठरलं: परीक्षेपर्यंत मी शिकवायचं. मार्क पडले नाहीत तर क्लास.
पडतील. शिकवणारी मी आहे.

५ ऑगस्ट
पहिला तास. एका दमात समजावलं. अ‍ॅक्टिव्ह म्हणजे करणारा सर्वांत पुढे, छाती काढून: ‘आय ब्रोक द कप.’ पॅसिव्ह म्हणजे कप पुढे आणि करणारा मागे, ‘बाय’च्या पदराआड. सोयीचं असेल तर पसारच: ‘द कप वॉज ब्रोकन.’ कोणी फोडला? पत्ता नाही. पॅसिव्ह हा भित्र्यांसाठी आहे. आमच्या सिस्टर उभं करून विचारायच्या, हू डिड इट? आम्ही सांगायचो.
भिंगरीला सगळं समजलं. जांभया दिल्या, पण त्या शाळेमुळे.
ठराव: उद्यापासून करणाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय या घरात कोणी बोलायचं नाही. मराठीतसुद्धा. व्याकरण असं अंगात मुरावं लागतं.

७ ऑगस्ट
नियम लागू. सून म्हणाली, दूध उतू गेलं. दुधाला पाय आहेत का? कोणी घालवलं? ‘मी घालवलं, आई.’ बघा किती सोपं!
चिरंजीव म्हणाले, नळ दुरुस्त करायचा राहून गेला. आपला आपण राहिला? ‘बरं, मी राहवला.’ व्याकरण चुकलं, भावना योग्य.
हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, ‘तुझ्या विमा ऑफिसातून उभा जन्म काय पत्रं गेली? युअर क्लेम हॅज बीन रिजेक्टेड. कोणी केला रिजेक्ट?’
ते ऑफिस होतं. क्लेम नाकारला जायचा. मी फक्त सही करायचे. हा फरक यांना या जन्मी कळायचा नाही.

११ ऑगस्ट
जेवताना. चिरंजीव इतके दिवस म्हणायचे, भाजीत मीठ जरा जास्त झालंय. आज म्हणाले, ‘आई, तू मीठ जास्त घातलंस.’ सून म्हणाली, काल पण आईंनीच घातलं होतं. हे म्हणाले, परवा हिने घातलंच नव्हतं.
तिघांचीही वाक्यं अ‍ॅक्टिव्ह आणि बिनचूक. मी कौतुक केलं. घास मात्र घशाखाली उतरेना. खारट होता.

१२ ऑगस्ट
सून फारच भराभर शिकते आहे. तुम्ही गीझर चालू ठेवलात. तुम्ही माझा पांढरा शर्ट लाल टॉवेलबरोबर धुतलात. गेल्या आठवड्यात हीच म्हणत होती, शर्ट गुलाबी झालाय! किती मोघम बोलायची.
नियम आता फक्त भिंगरीच्या तासापुरता ठेवावा म्हणते. माघार नव्हे. डॉक्टरांनीच सांगितलंय, जेवताना शांतता हवी.

१८ ऑगस्ट
भिंगरीची प्रगती उत्तम. पानभर वाक्यं उलटवायला दिली. निम्मी झाल्यावर पोटात दुखायला लागलं. काल डोकं होतं, परवा पाय. वाढीचं वय आहे.
चुकली की मी पट्टी आपटते, पण टेबलावर. सिस्टर बोटांवर आपटायच्या. मी काळाबरोबर बदलले आहे.
पूर्वी ती दप्तर टाकायच्या आधीच वर्गातली भांडणं सांगायला लागायची, दोन्ही बाजूंचे आवाज काढून. हल्ली काही सांगत नाही. अभ्यासाचं गांभीर्य आलंय.

२७ ऑगस्ट
परीक्षा झाली. कशी गेली? ‘गेली.’ एवढंच.

२ सप्टेंबर
वीसपैकी अठरा! स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर पेपर ठेवला. सून म्हणाली, छानच की. चेहरा मात्र छान नव्हता. क्लासचा विषय कायमचा मिटला. उद्यापासून टेन्सेस घेणार.

३ सप्टेंबर, रात्र
सून हात पुसत आली. ‘आई, सोमवारपासून भिंगरीला क्लास लावायचं ठरलंय.’
अठरा मार्क पडूनही! ठरलंय? आपोआप? कोणी ठरवलं, नाव घे. म्हणाली, असू दे ना आई, ठरलंय. चिरंजीव ताटात बघत बसले. हे म्हणाले, ‘अगं, सोड.’ मी सोडते होय! म्हटलं, पाठीमागे कारस्थानं करायची आणि वर ठरलंय म्हणायचं? तूच ठरवलंस ना? मग तोंडावर सांग!
भिंगरी उठून उभी राहिली. ताठ.
‘मी ठरवलं, आजी. मीच आईला सांगितलं. मला तुझ्याकडे नाही शिकायचं.’
सून तिच्या अंगावर ओरडली. मी म्हटलं, ओरडू नकोस. वाक्य बरोबर आहे.

६ सप्टेंबर, दुपारी चार
क्लास सुरू झाला. बरं झालं. मोकळी दुपार मला कधीपासून हवीच होती. कपाट आवरलं. पुस्तक काढलं, चष्मा पुसला, पुस्तक ठेवून दिलं.
हात सवयीचे, भिंगरीच्या वेळेला दूध गरम करून बसले. वाया जायला नको म्हणून यांना दिलं. हे दूध पीत नाहीत, पण घेतलं. एक घोट घेऊन, माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘साखर घालायची राहिली वाटतं.’
‘राहिली,’ मी म्हटलं.