नाव काढण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय बत्तीस, अविवाहित, व्यवसायाने चित्रपट व मालिकांची छायालेखिका, सेटवरच्या भाषेत 'कॅमेरामन मॅडम', हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीत आहे. पुढे कोणाला शंका नको म्हणून डॉक्टरांकडून तसे लेखी घेतले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आजार बरा होणार नाही, हे मला सांगितले गेले आहे आणि ते मला समजले आहे.

१. खोली भाड्याची आहे. भिंतीतले खिळे मी ठोकलेले आहेत. ते काढून भोके बुजवूनच किल्ली परत द्यावी.

२. लाइटमीटर, म्हणजे उजेड मोजायचे यंत्र, बाबांना परत द्यावे. ते देताना त्यांनी "वापर" म्हटले होते, "ठेव" नाही. बाबांची सगळी नोकरी मालिकांचे चित्रण करण्यात गेली. शाळा सुटली की मी त्यांच्या सेटवर असे, त्यामुळे बाराखडीच्या आधी मला सावल्या वाचता येऊ लागल्या. त्यांचा नियम एकच होता: घरी बसलेल्या आजीला प्रत्येकाचा चेहरा दिसला पाहिजे. मी नेमकी उलटी निघाले. जेवताना आमची जुंपायची.

"तुझ्या कामात माणसं चाचपडतात गं."

"आणि तुमच्या मालिकेत चोरसुद्धा लख्ख उजेडात येतो, बाबा."

३. लेन्स व संगणक धाकट्या भावाला द्यावेत. विकले तरी चालेल, त्याने मनाला लावून घेऊ नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यानेच करावी.

४. "बाईमाणसाला कॅमेरा झेपेल का?" असे सगळ्यांसमोर विचारणाऱ्या निर्मात्यांना माझ्या शोकसभेत बोलू देऊ नये. बोललेच, तर माइक खराब आहे म्हणावे.

५. मी केलेला एकमेव चित्रपट अजून पूर्ण व्हायचा आहे. त्यात वीज गेलेल्या खोलीत एका आईला मुलगा गेल्याचे कळते. तिचा चेहरा दिसत नाही. कानाची कड दिसते आणि श्वासाने हलणारा खांदा, एवढेच. अभिनेत्री म्हणाल्या होत्या, "चेहरा नाही? बरं झालं बाई, आज रडायला नको." आणि मग खऱ्याच रडल्या. मी आयुष्यात एवढेच एक दृश्य मनासारखे टिपले आहे.

परवा दिग्दर्शकांचा फोन आला. "अगं, लोक मोबाईलवर बघतात. त्यांना वाटेल स्क्रीनच गेला. उजळ करावं लागेल." ते काम होईल तेव्हा मी नसेन. करारानुसार मला एकच हक्क आहे, स्वतःचे नाव मागे घेण्याचा. म्हणून ते दृश्य उजळल्यास श्रेयनामावलीतून माझे नाव काढावे.

येथे 'नाव काढणे' म्हणजे वगळणे. हा खुलासा करणे भाग आहे, कारण काल बाबा मला भेटायला रुग्णालयात आले तेव्हा मी म्हणाले, "बाबा, त्या सिनेमात नाव काढायचंय माझं." त्यांना हल्ली कमी ऐकू येते.

"काढायचंय काय? काढलंस की!" ते म्हणाले आणि शेजारच्या खाटेवरच्या मावशींकडे वळले. "पोरीनं नाव काढलं हो आमचं! माझी हयात छोट्या पडद्यावर गेली. ही मोठ्या पडद्यावर झळकणार."

"मग आमचं तिकीट काढा," मावशी म्हणाल्या. "पहिली रांग नको. मान अवघडते."

बाबा हसत होते. आई गेल्यापासून मी त्यांना असे हसताना पाहिले नव्हते. त्यांचा गैरसमज मी तसाच राहू दिला.

६. कलम पाचमधील नाव वगळण्याची सूचना मी आज पुन्हा वाचून रद्द करीत आहे. खाडाखोड चालते की नाही ठाऊक नाही, म्हणून मजकूर तसाच ठेवला आहे. दृश्य उजळले तरी नाव राहू द्यावे. ते उजळणारच आहे. धाकट्याने दिग्दर्शकांशी भांडू नये. उपयोग होणार नाही. चित्रपट लागेल तेव्हा त्याने बाबांच्या शेजारी बसावे. ते दृश्य येईल, त्यात चेहरा लख्ख दिसेल. ताईने हे असे केले नव्हते, असे त्यांना सांगू नये.

त्यांना ते आवडेल.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून सही केली आहे. बाबा व धाकटा यांना यातून वस्तू मिळणार असल्याने त्यांना साक्षीला घेतलेले नाही.

(सही) लिहून देणार
(सही) साक्षीदार: वॉर्डातील डॉक्टर
(सही) साक्षीदार: शेजारच्या खाटेवरील मावशी

स्थळ: रुग्णालय, दुसरा मजला
दिनांक: ९ जुलै २०२४