पिसे खाल्लेल्या शेळीच्या सुटकेसाठी उपनौसेनापतींकडे अर्ज

प्रति,
मा. उपनौसेनापती साहेब,
पोर्ट हॅलिडे वसाहत,
मुक्काम : गव्हर्नरसाहेबांचा बंगला.
(कृपया गव्हर्नरसाहेबांच्या टेबलावर ठेवू नये.)

विषय : टॅबिथा नावाच्या शेळीची सरकारी कोंडवाड्यातून सुटका होणेबाबत.

संदर्भ : १) शेळी शनिवारी खाटकास देण्याचा मॅजिस्ट्रेटसाहेबांचा हुकूम.
२) गव्हर्नरसाहेबांचा नकार.
३) सरसेनापतीसाहेबांचा नकार.

महोदय,

मी, डॉर्कस पेनहॅलो, पिपे बांधणाऱ्या कै. सॅम्युअल पेनहॅलो यांची विधवा, राहणार मच्छी धक्क्यामागची गल्ली, आपणास सविनय कळवते की माझी शेळी टॅबिथा कोंडवाड्यात अडकली असून येत्या शनिवारी सकाळी ती खाटकाच्या हवाली होणार आहे. ती सुटावी एवढेच माझे मागणे आहे. बाकीचा मजकूर नाइलाजाने लांबला आहे.

१. राणीसरकारच्या वाढदिवशी नेहमीप्रमाणे सगळे गाव बंगल्यापुढच्या मैदानात जमले होते. पलटणीने सलामी दिली. तोफ दुसऱ्या खेपेला उडाली. त्यानंतर रिवाजाप्रमाणे गव्हर्नरसाहेब टोपी काढून आम्हा रयतेत मिसळले आणि त्यांनी शहाजिऱ्याचा केक खाऊन सर्वांच्या तब्येतीची चौकशी केली. माझ्या गुडघ्याचीही केली, त्याबद्दल मी आभारी आहे. एवढ्या वेळात शिपायाने ती पिसांची टोपी कुंपणाच्या खांबावर नेऊन ठेवली. कुंपण सरकारी असल्यामुळे अर्थातच मोडके होते.

२. टॅबिथाने पिसे खाल्ली हे मी नाकारत नाही. साऱ्या गावाने पाहिले, आणि पाद्रीसाहेब तर हसू आवरेना म्हणून मागे वळून उभे राहिले. मात्र तिने टोपीला दात लावला नाही, सोनेरी किनारीला लावला नाही, केवळ पिसेच खाल्ली. यावरून तिच्या मनात राणीसरकारविषयी काही वाईट नव्हते हे कोणीही मान्य करील. अडचण एवढीच की पिसे लंडनहून आलेली, पांढऱ्या हंसाची होती. नवी मागवायची तर जहाज जाऊन येईपर्यंत वर्ष उलटते. आपल्या वसाहतीत हंस पुष्कळ आहेत, पण झाडून सगळे काळे. काळी पिसे लावून गव्हर्नरसाहेब कौन्सिल उघडायला गेले तर राणीसरकारचे काही बरेवाईट झाले असे लोकांना वाटेल, म्हणून कौन्सिलच उघडलेले नाही. त्या बैठकीत मोकाट जनावरांचा आणि मोडक्या कुंपणांचा कायदा व्हायचा होता, तोही राहिला.

३. मॅजिस्ट्रेट श्री. ऑगस्टस क्रिम्प यांच्यापुढे मी हात जोडून उभी राहिले. ते म्हणाले, "बाई, शेळी नुसती भटकताना सापडली असती तर किरकोळ दंडावर सोडली असती. ही तर सरकारी गणवेशावर चाल करून गेली! आता माफी द्यायचा अधिकार एकट्या गव्हर्नरांचा. त्यांच्याकडे जा, आणि जाताना ते दार लावून घ्या."

४. मी गव्हर्नरसाहेबांकडे अर्ज केला. उत्तर आले की या प्रकरणात गव्हर्नरसाहेब स्वतःच फिर्यादी आहेत, आणि फिर्यादीने माफी देणे शोभत नाही. तेव्हा मी सरसेनापतींकडे अर्ज केला, कारण टोपी लष्करी. उत्तर आले की लष्करात गणवेशाच्या विटंबनेला माफी नसते. दोन्ही उत्तरांखाली सही एकाच हाताची होती, दुसऱ्या कागदावर लेखणी जरा रागाने टेकवलेली होती इतकाच फरक.

तेव्हा मला कळले की राणीसरकारने आपल्या साहेबांना सनदेत तीन पदे दिली आहेत. ते गव्हर्नर आहेत, सरसेनापती आहेत आणि उपनौसेनापतीही आहेत. कोंडवाड्याचा रखवालदार बार्नबी टक हे ऐकून म्हणाला, "दोघं नाही म्हणाले ना मावशी? मग तिसऱ्याला धर की. त्याचं कुणी नावही घेत नाही इथं, बिचारा रिकामाच बसला असेल!" नदीकाठचे एक वृद्ध गृहस्थ तिथे उभे होते. आपण सगळे जहाजातून उतरण्याच्या कितीतरी आधीपासून ही जमीन त्यांच्या लोकांची. ते म्हणाले, "तुमच्या एका टोपीत तीन माणसं मावतात, आणि एवढ्या मोठ्या नदीकाठी आम्ही तेवढे मावत नाही होय?" याचे उत्तर आपणास सुचल्यास त्यांना जरूर कळवावे.

५. आता आपल्या अधिकाराविषयी. जे समुद्रावर घडते त्याचा निवाडा उपनौसेनापतींकडे, असे बंदरावरचे खलाशी सांगतात. टॅबिथाचा जन्म जमिनीवर झालेलाच नाही. 'प्रूडन्स' जहाजावर, आफ्रिकेच्या टोकाचे केप बंदर सोडल्यानंतर, भर वादळात ती जन्मली आणि तिची आई त्याच वादळात गेली. त्याच आठवड्यात माझे सॅम्युअल तापाने गेले आणि त्यांना समुद्रातच सोडावे लागले. उरलेला सारा प्रवास हे पिल्लू माझ्या शालीत होते. ती नसती तर मी या किनाऱ्यावर पाय ठेवला असता असे मला वाटत नाही. हा काही कायद्याचा मुद्दा नव्हे हे मला समजते, पण लिहिल्याशिवाय राहवले नाही. कायद्याचा मुद्दा एवढाच की ती समुद्राची प्रजा आहे, सबब आपली आहे.

६. नुकसानभरपाई म्हणून माझ्या पांढऱ्या कोंबड्याची शेपटीची पिसे सोबत जोडली आहेत. धुऊन, वाफेवर धरून सरळ केली आहेत. लांबून हंसाचीच वाटतात. फार जवळून गव्हर्नरसाहेबांकडे पाहण्याची वसाहतीत कोणाची हिंमत नाही, तेव्हा कौन्सिल बेलाशक उघडावे.

७. यापुढचे लिहावे की नाही या विचारात माझा कालचा दिवस गेला. बंगल्याच्या भाजीच्या वाफ्यावर शेळ्यांची धाड पडल्यापासून गव्हर्नरसाहेबांचे सक्त फर्मान आहे की शेळीचे दूध बंगल्यात येता कामा नये. परंतु बंगल्यातल्या तान्ह्या बाळाला गाईचे दूध सोसत नाही. स्वयंपाकीण जुडिथ माझ्या दारात येऊन रडली होती. "अगं डॉर्कस, पाजलं की ओकतं गं लेकरू. बाईसाहेबांना पुरेसं दूध नाही. बघ ना काहीतरी!" तेव्हापासून दररोज सकाळी टॅबिथाच्या दुधाची किटली बंगल्याच्या मागच्या दाराने आत जात असे. बाळ बाळसे धरू लागले होते. बाईसाहेबांनी माझा हात धरून सांगितले होते, "साहेबांना एवढं कळू देऊ नकोस हं." मी शब्द दिला होता आणि तो मी मोडणार नाही. म्हणून ही गोष्ट मी गव्हर्नरसाहेबांना सांगत नाही. आपल्याला सांगते.

टॅबिथा कोंडवाड्यात गेल्यापासून बाळाचे रडणे मच्छी धक्क्यापर्यंत ऐकू येते. काल दुपारी बंगल्यावरून जाताना मी पाहिले, एक गृहस्थ बाळाला खांद्यावर घेऊन व्हरांड्यात येरझारा घालत होते. अंगात नुसता सदरा, डोक्यावर कसलीच टोपी नाही. ते तिघांपैकी नेमके कोण होते हे मला लांबून ओळखू आले नाही, पण त्यांचे डोळे सुजलेले होते. ते आपणच असाल अशी माझी आशा आहे.

तरी शनिवारच्या आत शेळी सोडण्याचा हुकूम व्हावा. आणि गव्हर्नरसाहेबांच्या कानावर यातले काहीही घालू नये, ही हात जोडून विनंती.

आपली नम्र,
डॉर्कस पेनहॅलो
(सही स्वतःची, अक्षर पाद्रीसाहेबांचे)

पोर्ट हॅलिडे,
दि. १ जून १८४३

सोबत :
१) कोंबड्याची पांढरी पिसे, एक जुडी. (कोंबड्याची संमती मिळू शकली नाही.)
२) शेळी समुद्रावर जन्मल्याबद्दल 'प्रूडन्स'च्या कप्तानाचा दाखला.
३) बंगल्याच्या मागच्या दाराची दुधाची किटली, रिकामी.