चार चित्रमालिका, दोन खोल्या आणि एक भरलेला फुगा

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा चित्रकथांतल्या बोलण्याच्या फुग्यांत अक्षरे लिहिणे, राहणार चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही की कोणी लाडीगोडी लावलेली नाही. दोन्हींसाठी माणसांची ये-जा लागते, ती माझ्याकडे फारशी नाही. येत्या शनिवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "शंभरातले सत्त्याण्णव चालत घरी जातात." हे मृत्युपत्र उरलेल्या तिघांतर्फे समजावे. ठेवणारा आणि नेणारा एकच आहे. त्याच्याशी माझी काही तक्रार नाही.

कलम १. राहत्या दोन खोल्या माझ्या धाकट्या भावाला द्याव्यात. धाकटा माझ्या कामाला माकडचित्रे म्हणतो. दर भेटीत विचारतो, "दादा, अजून फुग्यांतच का?" मी हो म्हणतो. मग तो म्हणतो, "फुटले की कळव." तरीही रक्ताचे नाते आहे, शिवाय खोल्या दुसऱ्या कोणाला दिल्या तर तो भांडेल आणि मला उत्तर देता येणार नाही. अट एकच. उत्तरेच्या खिडकीसमोर कपाट ठेवू नये. त्या खिडकीतून दिवसभर सारखा उजेड येतो, आणि असा उजेड अडवणे मला पाप वाटते.

कलम २. बँकेतल्या शिल्लकीतून आधी इस्पितळाचे बिल भागवावे. उरेल ते माझ्या गावच्या शाळेला पुस्तकांसाठी द्यावे. मी शिकलो तेव्हा वर्गात मुले तेवीस आणि पुस्तक एक होते. माझे अक्षर बरे, म्हणून गुरुजी मला रोज धडा फळ्यावर उतरवायला लावत. मागच्या रांगेला दिसावे म्हणून मोठे लिहायचे आणि फळ्यात मावावे म्हणून दाटून लिहायचे, हे मी तिथे शिकलो. पुढे तोच माझा धंदा झाला.

कलम ३. बोरू, निबा, शाई, पांढरा रंग आणि खालून दिवा लागणारे काचेचे टेबल यांची व्यवस्था कलम ८ मध्ये आहे. भिंग मात्र खालच्या चष्मेवाल्याला परत द्यावे. ते त्याचेच आहे. बारा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी आणले होते.

कलम ४. माझ्या अक्षराविषयी. आमच्या प्रकाशनसंस्थेच्या मालकांनी माझ्या हस्ताक्षराचा कॉम्प्युटरचा टाइप करून घेतला. मला सांगितले नाही. एके दिवशी मी वाण्याकडे साबण घेत होतो. समोर झुरळांच्या औषधाचे खोके होते. त्यावर माझ्या अक्षरात लिहिले होते, "एकही वाचणार नाही." मी ते लिहिले नव्हते. मालकांना विचारले तर म्हणाले, "अहो, तुमचं अक्षर आता घरोघरी पोचलं!" मी मालकांना क्षमा केली आहे. अजून थोडी बाकी आहे, ती शनिवारपर्यंत पूर्ण करतो. माझ्या नावाची पाटी, फोटोखालची ओळ किंवा शोकसभेचा कागद त्या टाइपात छापू नये.

कलम ५. पुढची कलमे कळावीत म्हणून ही माहिती. माझा भाऊ हे कलम वगळू शकतो.

गेली अठरा वर्षे मी एकाच जपानी चित्रकर्तीच्या विनोदी मालिकांची अक्षरे लिहितो. जपानी उभे लिहितात, आपण आडवे. त्यामुळे बोलण्याचे फुगे उंच आणि अरुंद असतात, आणि मराठी वाक्य त्यात बसवणे म्हणजे जाड माणसाला टेलिफोन बूथमध्ये उभे करणे. भाषांतर करणाऱ्या बाई (यापुढे नुसते "बाई") पूर्वी एका जहाज कंपनीत होत्या, तिथे जपानी शिकल्या. दर मंगळवारी त्या पाने घेऊन येतात. मी म्हणतो, "एक शब्द कमी करा." त्या म्हणतात, "तुम्ही अक्षर बारीक करा, अक्षरवाले." अठरा वर्षे हेच चालले आहे. चहा मी करतो.

मालिका चार. पहिली अग्निशमन दलाची, दुसरी घड्याळदुरुस्तीच्या दुकानाची, तिसरी मोटार शिकवणाऱ्या शाळेची आणि चौथी वेधशाळेची, जी अजून चालू आहे. चारींत एक रडव्या चेहऱ्याचा दंतवैद्य येतो. त्याला कोणी बोलावलेले नसते. चारींत एक मावशी येते. मूळ जपानीत ती घरमालकीण आहे, पण बाईंनी तिची मावशी केली, कारण दार न वाजवता आत येणे मराठीत मावशीलाच शोभते. नायक आता मनातले बोलणार, एवढ्यात ती दार उघडते. आजवर एकेचाळीस वेळा उघडले आहे. आणि चारींत नायक-नायिकेचा चेहरा तोच असतो. केस बदलतात. नायिकेच्या हनुवटीवरचा तीळ जागचा हलत नाही.

याच चेहऱ्यांवरून बाईंचा आणि माझा वाद आहे. बाई देव मानत नाहीत. तरी त्यांचे म्हणणे असे, की ही तीच दोन माणसे आहेत, चित्रकर्ती त्यांना पुन्हा पुन्हा जन्माला घालते आणि दर वेळी ती संधी वाया घालवतात. पहिल्या मालिकेत नायक नऊ भाग पत्र लिहितो आणि ते आगीत जाते. तिसरीत तो सरळ सांगतो, "तू मला आवडतेस." पण ती तेव्हा गाडी मागे घेत असते. ती म्हणते, "आधी आरसा बघू की आधी गिअर?" चौथीत तो रोज हवामान चुकीचे सांगतो, कारण ते रेडिओवर वाचून दाखवणारी ती आहे आणि चूक दुरुस्त करायला तिला फोन करावा लागतो.

मी देव मानतो, रोज हात जोडल्याशिवाय निब शाईत बुडवत नाही. तरी माझे म्हणणे उलट आहे. ही आठ वेगळी माणसे आहेत, चित्रकर्तीला चेहरा एकच जमतो. प्रत्येकाला एकच मालिका मिळते. बाई म्हणतात, "तुमच्यासारख्या भाविकाने असं बोलावं?" मी म्हणतो, पुढचा जन्म आहे असे धरून चालले की माणूस या जन्मात फार सावकाश चालतो. हे मी कोणाविषयी बोललो ते त्यांनी विचारले नाही.

कलम ६. चारी मालिकांचे मूळ जपानी भाग, मराठी भाग, आणि बाईंच्या पेन्सिलच्या शेऱ्यांसह सर्व कच्ची पाने बाईंना द्यावीत. शेऱ्यांपैकी "हे काय?" एवढेच असलेली पाने दोनशेच्या वर आहेत. त्यांचा वेगळा गठ्ठा केला आहे.

कलम ७. कबुली.

घड्याळाच्या मालिकेचे शेवटचे पान असे आहे. नायक दुकानात. नायिका, जी गावाच्या मोठ्या घड्याळाला चावी देते, दारात. मावशी या वेळी येत नाही. नायकाच्या डोक्यावर एक उंच फुगा, आणि तो रिकामा. संपले. बाईंच्या कागदावर फुग्यांचे क्रमांक होते. या फुग्याचा नंबर सहा, आणि त्यापुढे त्यांनी मजकुराऐवजी नुसती एक रेघ मारली होती.

मी त्या फुग्यात लिहिले, "उद्याही याल ना?" आणि ते तसेच छापले गेले.

बाई पुस्तक घेऊन जिना चढून आल्या. चप्पल न काढता आत आल्या, यावरून मला अंदाज आला.

"हे काय आहे?"

"मला वाटलं, राहून गेलं."

"माझ्याकडून आजवर काही राहून गेलंय?"

"नाही."

"त्या चित्रकर्तीने पाच वर्षं खपून हा एक फुगा रिकामा ठेवला होता. पाच वर्षं! आणि तुम्ही त्यात घुसलात."

चार महिने त्या आल्या नाहीत. पाने टपालाने येत होती, शेऱ्याशिवाय. मग एका मंगळवारी तिसरी मालिका घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "साखर कमी घाला." पुढे दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मालकांनी त्यांना विचारले होते की ते वाक्य काढायचे का. ते अजून तिथेच आहे. का ठेवले असे मी विचारले तर म्हणाल्या, "परत कोण निस्तरणार?"

मी त्या दिवशी खोटे बोललो. रेघ मला दिसली होती. तिचा अर्थही कळला होता. ते वाक्य घड्याळवाल्याचे नव्हते. ते मंगळवारचे होते आणि मला ते दुसरीकडे कुठे लिहिता येत नव्हते. तोंडाने बोलायचे तर माझी लायकी काय, गावच्या शाळेत शिकलेला, फुगे भरणारा माणूस, असे वाटत राहिले. पुढे मालकांकडून कळले, की त्यांनी माझ्या जागी टाइप वापरायचे ठरवले तेव्हा बाईंनी निरोप पाठवला होता: "हात नसेल तर भाषांतर नाही." हे कळून सहा वर्षे झाली. तरी मी बोललो नाही. आता लिहून ठेवतो. मी गेल्यावर त्या वाचतील तेव्हा रागावायला मी समोर नसेन, हा या व्यवस्थेचा फायदा आहे.

कलम ८. चौथ्या मालिकेचा सतरावा भाग एकशे बारा पानांपर्यंत लिहून झाला आहे. उरलेले फुगे जो कोणी हाताने लिहील त्याला कलम ३ मधली हत्यारे द्यावीत. टाइप वापरल्यास हत्यारे नदीत टाकावीत. वेधशाळेच्या शेवटी काय होते ते बाईंनी वाचले आहे, पण त्या सांगत नाहीत. म्हणतात, "भरायला आलं की कळेल." मला ते कळावे अशी इच्छा आहे, पण ती मृत्युपत्रात मांडण्यासारखी नाही.

कलम ९. शेवटचे कार्य साधे करावे. भाषणे नकोत. मालकांना बोलायचेच असेल तर दोन वाक्ये.

कलम १०. आज सह्यांच्या वेळी वाढवलेले.

आज सकाळी वकीलसाहेब आले. साक्षीदार म्हणून खालचा चष्मेवाला आणि बाई. बाईंना मी मुद्दाम बोलावले होते, कारण हे अक्षर माझेच आहे हे त्यांच्याइतके कोणी सांगू शकत नाही. साक्षीदार मजकूर न वाचता सही करतात असे मी ऐकून होतो. ते बरोबरही आहे. पण आमचे वकीलसाहेब म्हणाले, "माझी पद्धत वेगळी. दस्त मोठ्याने वाचल्याशिवाय मी सही करू देत नाही."

त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. मी सहाव्या कलमापाशी म्हणालो, "पुढचं राहू दे." ते म्हणाले, "राहू कसं देणार?" आणि सातवे वाचले. "उद्याही याल ना" हे त्यांनी "उत्तरेच्या खिडकीसमोर" याच आवाजात वाचले. चष्मेवाला स्वतःचाच चष्मा पुसत बसला. मी टेबलाकडे पाहिले. बाईंकडे पाहिले नाही, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्याविषयी मला काही नमूद करता येत नाही.

नववे संपल्यावर वकीलसाहेब म्हणाले, "बाई, एक अडचण आहे. कलम सहाने तुम्हाला पुस्तकं मिळतायत. ज्याला मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. तर लाभार्थी की साक्षीदार, ते ठरवा."

बाई म्हणाल्या, "तिसरं काही नसतं का?"

"असतं," वकीलसाहेब कागद सारखे करत म्हणाले. "त्याचा फॉर्म वेगळा. आणि लग्न झालं की हे मृत्युपत्र रद्द करून नवं करायचं. फी मात्र रद्द होत नाही."

मग बाई माझ्याकडे वळल्या. "हे सगळं वकिलांनी म्हटलं. तुम्ही काय म्हणता?"

मी शाईच्या बाटलीचे झाकण घट्ट केले. अंगात बळ नव्हते असे नाही. बोलायची सवय नव्हती.

चष्मेवाला म्हणाला, "बोला हो, मला दुकान उघडायचंय."

तेव्हा मी म्हणालो, "बाई, माझ्याशी लग्न कराल का?" आवाज ठीक निघाला.

बाई म्हणाल्या, "ऑपरेशनच्या आधी की नंतर?"

"आधी."

"मग गुरुवारी. उद्या आणि परवा मला प्रुफं आहेत."

मी विचारले, "रागावला नाहीत?"

"रागावलेय. दहा वर्षं रागावलेय. सांगायला तुम्ही समोर असावं लागतं, म्हणून थांबले होते."

वकीलसाहेबांनी सांगितले की साक्षीदार अजून एक कमी आहे. चष्मेवाल्याने खाली जाऊन शेजारच्या इस्त्रीवाल्याला आणले. त्याने विचारले, "काय झालंय?" चष्मेवाला म्हणाला, "मृत्युपत्र." इस्त्रीवाल्याने बाईंकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाला, "मग हसताय का?"

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी राजीखुशीने करून ठेवले आहे. आजपासून गुरुवारी दुपारी कचेरीत आमच्या लग्नाची नोंद होईपर्यंत ते माझे शेवटचे आणि एकमेव मृत्युपत्र समजावे. त्यानंतर, देवाची मर्जी असेल तर, ते रद्द व्हावे, हीच माझी अंतिम इच्छा.

स्थळ: माझी बाहेरची खोली, उत्तरेची खिडकी
दिनांक: ११ मार्च २०२४, सोमवार

मृत्युपत्र करणार: अक्षरवाला (सही, स्वहस्ते)

साक्षीदार पहिला: खालचा चष्मेवाला (सही)
साक्षीदार दुसरा: शेजारचा इस्त्रीवाला (सही)

बाईंनी सही केलेली नाही. म्हणाल्या, "माझी गुरुवारी."