मागच्या बरगड्या

मंगळवार, ३

आईच्या छातीत डाग. फोटो मीच काढला, आधी पाहिलाही मीच. खोकला जात नाही म्हणून तिला ओढतच आणलं होतं माझ्या एक्स-रेच्या खोलीत. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "उजवीकडे वर काहीतरी आहे. सीटी करून टाकू." आई बाहेर बाकावर — "झालं का गं? घरी कामं पडलीत."

बुधवार, ४

डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी फोटो मोठा करून पाहिला — आईच्या बरगड्यांमागे आणखी बरगड्या! पुसट, दुसऱ्याच कुणाच्या. एक तर टोकाला दुभंगलेली.

मग डोकं चालू लागलं. छातीला टेकवतो त्या चपट्या कॅसेटमधल्या पट्टीत क्ष-किरणांची ताकद अडकून बसते. रीडरमधला लेसर फिरला की ती निळा उजेड होऊन सुटते, त्याचाच फोटो होतो. उरलंसुरलं प्रखर दिव्यांखाली पुसायचं. किरणांचा डोस जास्त पडला असेल तर दोनदा. आणि पडून राहिलेली कॅसेट वापरण्याआधी पुसायचीच. काल आईच्या गडबडीत मी मोठी कॅसेट तशीच उचलली.

म्हणजे डाग त्या कॅसेटवरच्या मागच्या माणसाचाही असू शकतो. देवा, त्याचाच असू दे.

गुरुवार, ५

पट्टी दोनदा पुसून आईला पुन्हा उभं केलं. स्वच्छ! जिन्यात बसून रडले. आई म्हणते, "बरी आहे ना मी? मग रडतेस कशाला?"

शनिवार, ७

डोळे मिटले की त्या बरगड्या. कुणीतरी डाग घेऊन हिंडतंय, त्याला पत्ताही नाही. आणि मी देवाकडे हेच मागितलं होतं. लाज वाटते.

त्या कॅसेटवर काढलेले सगळ्या पेशंटचे फोटो उघडून पाहिले. दुभंगलेली बरगडी एकाचीही नाही. मग कुणाची? भुताची?

सोमवार, ९

मशीनच्या इंजिनियरला फोन केला — ती कॅसेट आणखी कुणी वापरली होती का? तो हसला. "ताई, विसरलात? नवी ट्यूब बसवली तेव्हा टेस्टला तुम्हीच उभ्या राहिलात की. डोस जास्त झाला, फोटो काळाकुट्ट आला, टाकून दिला आपण."

टेस्ट म्हणजे पेशंट नव्हे. म्हणून फोटो शोधताना मी ती धरलीच नव्हती.

मंगळवार, १०

पुसलेल्या पट्टीसमोर उभी राहिले. बटण डॉक्टरांनी दाबलं. दुभंगलेली बरगडी माझी. डागही.

आई विचारतेय, आज उशीर का.