तोशिए आजींची जागा

११ ऑक्टोबर, शनिवार
तोशिए आजी काल सकाळी अळंबी काढायला डोंगरात गेल्या त्या परतल्याच नाहीत. वय एकोणऐंशी. त्यांचा छोटा ट्रक उत्तरेच्या झऱ्यापाशी सापडला, म्हणून आमचे बचाव पथक दिवसभर झऱ्याभोवतीच. पथक म्हणजे आम्ही पाच हौशी माणसे. कप्तान मोमोसे, एरवी सोबा शेवयांचे दुकान चालवतात. दर दहा मिनिटांनी त्यांची शिट्टी – अस्वलांना दूर ठेवायला कमरेला बांधलेली घंटा वाजू नये म्हणून मुठीत धरायची, श्वास रोखून ऐकायचे. काही नाही.

इथे अळंबीची जागा कुणी पोटच्या पोरालाही सांगत नाही. आजींच्या मुलालाही ठाऊक नाही. ट्रकसुद्धा मुद्दाम भलतीकडे उभा करतात. हे पथ्य आम्हीही पाळतो. तरी ट्रकभोवतीच प्रदक्षिणा घातल्या!

पथकातला ओगुची सुतार मला, गावातल्या एकुलत्या भारतीयाला, म्हणाला, "पंडित, तुमच्या संस्कृतात हरवलेलं माणूस सापडायचा मंत्र नाही का हो?"
"आहे. पण म्हणणारा उपाशी लागतो."
त्याने हातातला भाताचा गोळा लपवला.

मला आजींची जागा ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी मागोमाग गेलो होतो. दरवर्षी चार-दोन अळंब्या उचलतो. बोललो नाही. उद्या झऱ्यापाशीच सापडतील बहुधा.

१२ ऑक्टोबर
सकाळी चार अंश. दुपारी बोललो.
"कप्तान, डोंगराची दक्षिणेकडची धार. पडलेल्या लाल पाइनच्या खाली. मी चोरतो तिथून."
वाटले, रागावतील. "चला," एवढेच म्हणाले.

दाट धुके. मी सर्वांत मागे. कुणी वाट विचारली नाही. फाटा आला, तर ओगुची न थांबता डावीकडे वळला.

आजी तिथेच होत्या. पाय दगडाखाली, शुद्ध शाबूत. म्हणाल्या, "एवढी वरात कशाला? आणि टोपलीला हात लावू नका."

१३ ऑक्टोबर
मोमोसेंकडे सोबा.
ओगुची म्हणाला, "मी पाच वर्षं जातोय."
मोमोसे म्हणाले, "मी नऊ."
उरलेल्या दोघांनी वाडग्यात तोंड घातले. पोट दुखेपर्यंत हसलो.

१९ ऑक्टोबर
काल आजींचा पाय गुडघ्याखाली कापला. डॉक्टर म्हणाले, शनिवारी आणले असते तर वाचला असता. मोमोसेंनी फोनवर सांगितले.