विंगेतलं वाक्य

इगतपुरी,
३ मार्च २०२५

चि. ललितास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तू बोलतेस आणि मी नुसता हो हो म्हणतो. ऐकू काही येत नाही. कानातलं मशीन शिट्ट्या तेवढ्या मारतं. म्हणून पुन्हा पोस्टमनला कामाला लावलंय.

मंगला गेल्यापासून घर फार शांत झालंय, आणि हा दोष माझ्या कानांचा नाही. सकाळी लावलेला कुकर संध्याकाळीही पुरतो. आयुष आणि सूनबाई मला कायमचं बंगळूरला बोलावतायत. बुद्धपौर्णिमेपर्यंत त्याला कळवायचंय. तू नाटकं केलीस, पुस्तकं लिहिलीस, आता समुपदेशन केंद्रात बसून लोकांची मोडलेली मनं सांधतेस. थोरल्या भावालाही सांग, जाऊ का?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा,
बुद्धभूषणदादा


गंगापूर रोड, नाशिक,
९ मार्च

ती. दादास,
सविनय जयभीम.

तुझी घालमेल समजते. वहिनीच्या माघारी एकटं वाटणं स्वाभाविक आहे. दोन्ही बाजू शांतपणे तपासून बघ. निर्णय मात्र तुझाच असायला हवा. मनात येईल ते लिहीत जा, मी ऐकते आहे.

मी मजेत. शनिवारी अंबडच्या वस्तीतल्या बायकांचं पथनाट्य बसवते. जेवण तिकडेच होतं.

माया आहे तशीच असू दे.
ललिता


इगतपुरी,
१५ मार्च

चि. ललितास,
जयभीम.

पत्र तुझंच ना, म्हणून सही पुन्हा पाहिली. केसपेपर काढायला कधी येऊ तेवढं कळव. मला बहिणीला विचारायचं होतं, केंद्रातल्या मॅडमना नाही. वाईट वाटलं, ते लिहून टाकतो.

कलापथकात मी तुझा प्रॉम्प्टर होतो. वाक्य अडलं की तू विंगेकडे न बघता नाकाला हात लावायचीस आणि मी पडद्याआडून शब्द पुरवायचो. तुझं ‘मी मजेत’ वाचलं आणि तोच हात दिसला. तुझं काहीतरी अडलंय. पण या वेळी मी सांगणार नाही. ते तुझ्याच तोंडून यायला हवं.

रागावलो तरी तुझाच,
दादा


नाशिक,
२२ मार्च

दादा,
जयभीम.

अडलंय खरं. आपल्या इच्छेचं ओझं दुसऱ्यावर टाकू नये, असं दिवसभर लोकांना सांगते. सवयीनं तुझ्याशीही तशीच वागले.

संध्याकाळी कुलूप उघडते तेव्हा दहाजणांची दुःखं डोक्यात असतात, आणि जेवलीस का म्हणून विचारणारं घरात कुणी नसतं. टीव्ही लावून ठेवते, बघत नाही. मागच्या आठवड्यात ताप होता. केंद्रात सुट्टी कळवली. आणखी कुणाला सांगावं तर तूच आठवलास, पण तुला फोन ऐकू येत नाही. भिंतीकडे तोंड करून रडले.

आयुषकडे नातवंडं आहेत, त्यांचाही तुझ्यावर हक्क आहे. जायचं तर खुशाल जा, असं आधी लिहिलं होतं. तो कागद फाडला.

दादा, जाऊ नकोस. माझ्याकडे ये.

ललू


इगतपुरी,
२७ मार्च

चि. ललूस,
अनेक आशीर्वाद.

वाक्य विंगेपर्यंत ऐकू आलं.

आयुषला कळवलंय. थोडा रुसलाय, त्याची समजूत तू काढ. तेवढं समुपदेशन चालेल. रविवारी निघतो. कुकर माझा आणतोय. आणि यापुढे ताप आला तर आधी मला हलवून उठव.

बाकी माया समक्ष.
दादा