भट्टी विझली नाही

प्रिय ताई,

घाईघाईत लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नकोस. आपली भट्टी विझली नाही!

घाटातला रस्ता खचल्याचं तुला कळलंच असेल. वाळूचे ट्रक पलीकडेच अडकले. बाटल्यांच्या कारखान्यात वाळू संपली म्हणजे काय, हे याच भट्टीवर जन्म घालवलेल्या आप्पांच्या लेकींना वेगळं सांगायला नको. भट्टी एकदा थंड झाली की आतल्या विटा तडकतात, आणि मालक काही नवी बांधणार नव्हते. कारखान्याचे दिवस भरले असं सगळेच धरून चालले होते. तूही त्याच काळजीनं तिकडे तुझ्या गावी माझ्या नोकरीसाठी शब्द टाकून ठेवलास.

पण आमचे भट्टीमास्तर ऐकतात होय! फुटकी काच वाळूपेक्षा लवकर वितळते, म्हणून थोडी आम्ही नेहमीच मिसळतो. ते म्हणाले, "वाळू नाही ना? मग नुसती काच घालू." आवारातला ढीग बघता बघता संपला. मग टेंपोवर भोंगा बांधून स्वारी गल्लोगल्ली ओरडत फिरली. आणि ताई, माणसं आली गं! बादल्या, पोती घेऊन. एक जण तर बाळाच्या गाडीतून बाटल्या ढकलत आला, बाळ काखेत. माळ्यावरच्या बरण्या, टवके उडालेले पेले, सगळं आलं. न्हाव्याचा आरसा मी परत पाठवला, त्याच्या पाठचा मुलामा भट्टीला चालत नाही. शिंपीणबाईंनी चिनी मातीच्या बश्या आणल्या. "बाई, ही काच नाही," म्हटलं, तर माझ्यावरच उखडल्या, "आमच्या सासूबाईंच्या आहेत त्या, तुझ्यापेक्षा जुन्या!"

निवड माझ्याकडे होती. चिनी मातीचा तुकडा वितळलेल्या काचेच्या रसात गेला तर विरघळत नाही, खड्यासारखा बाटलीत बसतो आणि बाटली फुटते. ओव्हनमधली जाड भांडी तर त्याहून लबाड, दिसायला अगदी आपलीच काच, पण आमच्या भट्टीत नीट वितळत नाहीत! सरकता पट्टा सुरू झाला, माल भट्टीच्या तोंडाशी पोचला आणि तसलंच एक भांडं मला ढिगातून डोकावताना दिसलं. "थांबवा!" मी अशी किंचाळले की मास्तरांनी आधी पट्टा थांबवला आणि मग कारण विचारलं. घरात माझा आवाज तुम्हाला कधी दुसऱ्या खोलीत ऐकू आला नाही, आणि इथे भट्टीच्या घरघरीवर चढला!

काल रस्ता मोकळा झाला. तोवर भट्टी गावाच्या काचेवर तगली. बाटल्या किंचित हिरवट निघाल्या, पण खणखणीत. आप्पा काठी टेकत आले आणि दिवसभर सगळ्यांच्या चुका काढत बसले. इतकं खूश मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

आता खरं सांगते. मालकांनी गावाची काच कायम घ्यायचं ठरवलंय, आणि निवडीची शेड मला चालवायला विचारलं. मी तिथल्या तिथे हो म्हणून बसले. तू तुझ्याकडे माझ्यासाठी खोलीला रंग दिलास, पडदे शिवलेस, शेजारपाजारी माझं कौतुक करून ठेवलंस, सगळं ठाऊक आहे. रागाव, हवं तर अबोला धर, पण ताई, मी येत नाहीये. आप्पांना सोडवत नाही वगैरे काही नाही. ते तर म्हणतात, जा एकदाची. मला राहायचंय. मला काय हवंय ते आजवर तूच ओळखत आलीस. या वेळी मीच आधी सांगतेय.

तुझीच,
धाकटी